तावाची दुसरी बाजू

चौथा भाग संपला तेव्हा निळी यंत्राकडे पाठ करून उभी होती, तिच्या बाजूला चारशे बायका तशाच पाठ करून उभ्या होत्या, आणि वरच्या सज्जात शिपायांनी बंदुका उचलल्या होत्या. तिथंच पुस्तक संपलं. असल्या जागी पुस्तक संपवणाऱ्या लेखकाला उलटा टांगायला हवा, असं धाकटी सात महिने म्हणत होती.

मालिकेचं नाव 'भोंग्याचं शहर'. एकूण पाच भाग. शहरावर काचेचं झाकण. हवा मापून मिळते, आणि ती मिळवायला खालच्या माणसांनी दिवसभर चाकं फिरवायची. भोंगा झाला की सुरू, भोंगा झाला की बंद. झाकणाची किल्ली ज्यांच्याकडे, ते झाकणवाले. निळी म्हणजे सतरा वर्षांची पोरगी, डोक्यावर निळी टोपी, चाक फिरवता फिरवता एके दिवशी थांबते. शिकलेली माणसं असल्या पुस्तकांना पोरासोरांची पुस्तकं म्हणून नाक मुरडतात. मुरडू द्या. त्यांना कुणी भोंग्यावर उठवत नाही.

धाकटीला उठवत होते. ती एकवीस वर्षांची, थोरली तिच्याहून तेरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा धाकटीची दुसरी वेणी घालायची राहिली होती, ती थोरलीनं घातली, आणि तेव्हापासून घालतेच आहे म्हणा. दोघी एकाच कारखान्यात. छापून आलेले कागद तिथं दुमडायचे, शिवायचे, कापायचे, पुठ्ठा लावायचा, आणि पुस्तक बाहेर. थोरली घडीमशीनवर. धाकटी शेवटच्या टोकाला, कटरवर.

पहिले चार भाग या कारखान्यातच बांधले गेले होते. वाकडी शिवलेली, उलटं पान लागलेली प्रत रद्दीत जायची, आणि तेव्हा रद्दीतलं घरी न्यायला कुणी हरकत घेत नव्हतं. धाकटीनं चारही भाग तसेच मिळवले. दुसऱ्या भागात मधली सोळा पानं उलटी होती, ती पुस्तक फिरवून वाचायची. तिसऱ्यात एक प्रकरण दोनदा होतं, तेही ती दोनदा वाचायची. भाजी करपली तरी पुस्तक खाली ठेवायची नाही.

"अगं, जळतंय!"

"जळू दे ताई, इथं अख्खं शहर जळतंय."

आणि ती एकटी वाचत नव्हती. जेवणाच्या सुट्टीत लांब टेबलाभोवती बायका बसल्या की धाकटी गोष्ट पुढं न्यायची. शिवणवाल्या, पुठ्ठेवाल्या, ज्यांनी शाळा सोडल्यावर पुस्तक फक्त बांधलं, उघडलं कधी नाही, त्यासुद्धा डबा उघडायच्या आधी विचारायच्या, "काय गं, निळीचं काय झालं?" सुपरवायझर सारखा मनगटाकडे बघायचा म्हणून त्याचं नाव आधी घड्याळ होतं. मालिकेनंतर तो झाकणवाला झाला. तो आला की कुणीतरी हळूच म्हणायचं, "हवा कमी झाली बघा," आणि टेबल फिदीफिदी हसायचं. झाकणवाल्याला काही कळायचं नाही. त्यानं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. पुस्तकांच्या कारखान्यात बढती मिळवायला ते लागत नाही.

पाचवा भाग आला तेव्हा सगळं बदललं. शेवट आधी फुटायला नको, म्हणून प्रकाशकानं कारखान्याला तंबी दिली होती. गेटवर झडती सुरू झाली. ज्या पुस्तकात लोक झडतीविरुद्ध उठतात, ते बांधणाऱ्या बायकांच्या डब्यात रोज संध्याकाळी चमचा घालून बघायचे. फोन गेटवरच जमा. रद्दीला कुलूप.

पण डोळ्यांना कुलूप घालता येत नाही. छापलेला कागद कारखान्यात मोठ्या तावांनी येतो. एका तावावर सोळा पानं, आठ वरच्या बाजूला, आठ खालच्या. दुमडला की त्याचा फर्मा होतो, आणि असे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक. थोरली दिवसभर तावांची थप्पी ठोकून सरळ करायची आणि मशीनला द्यायची. वरची बाजू तिच्या डोळ्यांसमोर. खालची बाजू थेट रुळांत. म्हणजे फर्म्याचं पहिलं पान तिला दिसायचं, मग एकदम चौथं आणि पाचवं, मग आठवं-नववं, मग बारावं-तेरावं, मग सोळावं. मधलं सगळं खाली. वरच्या पानांतली अर्धी तिच्याकडे डोकं खाली करून असायची, पण पंधरा वर्षांच्या सवयीनं तिला उलटं वाचता यायचं.

संध्याकाळी दोघी बहिणी कपडे धूत बसल्या की धाकटी म्हणायची, "हं, आजचा फर्मा."

थोरली सांगायची. दोन पानं वाचलेली, दोन पानं अंदाजानं. इतक्या वर्षांत अंदाज इतका पक्का झाला होता की कुठं वाचलेलं संपलं आणि कुठं तिचं सुरू झालं हे तिलाही सांगता येत नव्हतं. चित्रवाल्या पुस्तकात, शाळेच्या पुस्तकात, स्वयंपाकाच्या पुस्तकातसुद्धा ती असंच करायची. कधी चुकलं म्हणून कुणी सांगायला आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तोच फर्मा धाकटीच्या तोंडून सगळ्यांना मिळायचा.

त्याच दिवसांत कटरचं बटण अडकवलं गेलं.

हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर आहे. कटरला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबली तरच पातं खाली येतं. म्हणजे पातं येतं तेव्हा दोन्ही हात बटणावर असतात, आत नसतात. यंत्र बनवणाऱ्यानं एवढी साधी अक्कल यंत्रात घालून ठेवली होती. तारीख जवळ आली, पाचवा भाग आणि त्याच्याबरोबर आधीच्या चार भागांचे नवे संच एकाच दिवशी दुकानात जायचे होते, तेव्हा झाकणवाल्यानं डावं बटण पुठ्ठ्याचा तुकडा आणि चिकटपट्टी लावून कायमचं दाबून टाकलं. आता उजव्या हातानं कापायचं आणि डाव्या हातानं पुढचा गठ्ठा सरकवायचा. काम दीडपट.

धाकटीच्या आधी कटरवर असलेले मामा आता पुठ्ठ्याच्या खोलीत झाडू मारत. त्यांना सगळे नऊबोटे मामा म्हणत. त्यांनी बटणाकडे बघितलं आणि फक्त एवढंच म्हणाले, "पोरी, माझ्या वेळी पट्टी लाल होती."

धाकटी झाकणवाल्याकडे गेली.

"साहेब, ती पट्टी काढा."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. मग काढू."

"हात चार दिवसांत पण तुटतो."

"तुला जमत नसेल तर सांग. गेटबाहेर रांग आहे."

त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर धाकटीनं गोष्ट सांगितली नाही. ती म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी संपल्याचा भोंगा झाला की पाठ फिरवायची. निळीसारखी. बोलायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, आपल्या यंत्राकडे पाठ करून उभं राहायचं. पट्टी निघेपर्यंत."

बायका आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. तेरा जणींनी होय म्हटलं. होय तोंडानं म्हटलं जातं, पाठ अंगानं फिरवावी लागते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये एक अख्खी रात्र असते, घरी नवरा असतो, पोरं असतात. तेराच्या तेरा जणी एकच गोष्ट विचारत होत्या, थट्टेनं विचारल्यासारखं दाखवत: "पण पाचव्या भागात निळीचं पुढं काय होतं गं? बंदुका सुटतात का?"

थोरलीला त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. सहा वर्षांपूर्वी दहा जणींनी पंखे मागितले होते, त्या दहा जणी कुठं गेल्या कुणाला ठाऊक नाही, पंखे अजून यायचेत. धाकटीला गेटबाहेर काढलं तर या गावातला एकही कारखाना तिला घेणार नाही. थोरलीला बटणही दिसत होतं. तिला गेट जास्त मोठं दिसत होतं, एवढंच.

गुरुवारी दुपारी शेवटच्या फर्म्याचे ताव आले.

तिनं थप्पी ठोकली. सरळ केली. वाचलं. पहिलं पान: सज्जा, बंदुका, चारशे पाठी. चौथं-पाचवं: निळी टोपी काढते आणि हवेत भिरकावते. आठवं: वरून हुकूम येतो, नेम धरा. नवव्याची शेवटची ओळ: 'निळीनं डोळे मिटले नाहीत.' मग बारावं. बाराव्या पानावर सकाळ झालेली. चौकात एक माणूस यादीतून नावं वाचतोय, एकामागून एक नाव, आणि बायका रडतायत. तेराव्यावर निळीचं नाव येतं. तिची आई मटकन खाली बसते. तिच्या उराशी निळी टोपी. सोळावं पान कोरं.

थोरलीचे हात थांबले. दहावं आणि अकरावं पान खाली होतं. चौदावं, पंधरावं खाली होतं. ताव तिच्या बोटांत होता. कोपरा धरून उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढा, एक श्वास, फार तर दीड. झाकणवाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला होता. कुणी बघत नव्हतं.

तिनं ताव उलटला नाही. मशीनला दिला.

संध्याकाळी धाकटी कपडे बाजूला सारून तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"आला ना शेवटचा? खरं सांग. आला ना?"

"आला."

"मग?"

"मारतात सगळ्यांना."

धाकटीनं बाजूला सारलेला एक कपडा परत हातात घेतला.

"सकाळी चौकात नावं वाचतात. मेलेल्यांची. निळीचं पण. आईच्या हातात नुसती टोपी उरते."

"तू वाचलंस? की तुझं?"

"वाचलं," थोरली म्हणाली. "नावं वाचली. आई खाली बसते ते वाचलं. टोपी वाचली." यातला एकही शब्द खोटा नव्हता. मधल्या दोन पानांत तिनं स्वतःची भीती भरली होती, आणि ती इतकी घट्ट बसली की छापल्यासारखी दिसत होती.

"पाच भाग," धाकटी म्हणाली. "पाच भाग मी तिच्याबरोबर चाललेय ताई. आणि हरामखोर शेवटी मारून टाकतो?"

"गोष्ट आहे गं."

"गोष्टच आहे ना. मग गोष्टीत तरी."

शुक्रवारी टेबलावर धाकटीनं शेवट सांगितला. कुणी हसलं नाही. एक पुठ्ठेवाली डबा बंद करत म्हणाली, "गोष्टीतल्यांचं हे, तर आपलं काय." सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. तेरा जणी उठल्या आणि आपापल्या यंत्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. धाकटीनं एकदा सगळीकडे बघितलं आणि तीही कटरकडे वळली. थोरलीच्या छातीवरचा दगड उतरला. त्या संध्याकाळी ती दोन घास जास्त जेवली. हे तिला पुढं आयुष्यभर आठवणार होतं.

शनिवारी सकाळी पाचव्या भागाचे शिवलेले गठ्ठे कटरवर आले. दहा वाजून गेल्यावर हॉलच्या त्या टोकाला एक आवाज झाला. किंकाळी नव्हती. नुसतं "अरे" म्हटल्यासारखं काहीतरी, जसं हातातून भांडं निसटल्यावर म्हणतो. थोरली धावली तोवर नऊबोटे मामांनी धाकटीचा हात आपल्या सदऱ्यात गुंडाळलेला होता. डाव्या हाताची चार बोटं. अंगठा राहिला. झाकणवाला आधी काय म्हणाला हे तिथल्या सगळ्यांनी ऐकलं. तो म्हणाला, "लॉट बाजूला घ्या, डाग दुसऱ्यांना लागेल." आणि मग गाडी बोलवा म्हणाला.

धाकटीला दवाखान्यातल्या लांब खोलीत शेवटच्या खाटेवर ठेवलं होतं. पाचव्या दिवशी झाकणवाला आला. एका हातात फळांची पिशवी, दुसऱ्या हातात 'भोंग्याचं शहर'चा पाच भागांचा नवाकोरा संच, वर चकचकीत कागद, आणि खिशात घडी घातलेलं टाइप केलेलं एक पान.

"वाचायची आवड आहे ना हिला, म्हणून मुद्दाम," तो म्हणाला. मग थोरलीला बाजूला घेतलं. "यात लिहिलंय की बटण तिनं स्वतः अडकवलं होतं, कामाचा वेग वाढवायला. खाली तिची सही, आणि साक्षीदार म्हणून तुमची. म्हणजे मग तिला हातानं करायचं काही हलकं काम देता येईल. तुमचंही चालू राहील."

"हातानं करायचं," थोरली म्हणाली.

"एका हातानं," तो म्हणाला, आणि घड्याळाकडे बघितलं.

खरं लिहायचं तर थोरली सही करणार होती. पेन तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून मागूनही आणलं होतं. तो गेल्यावर ती खाटेशी बसली तेव्हा धाकटीनं संचाकडे हनुवटीनं खूण केली.

"पाचवा काढ. शेवटून वाच."

"शेवट तर तुला माहीत आहे."

"मला तो ऐकायचाय. नवीन पुस्तक घट्ट असतं, एका हातानं उघडं राहत नाही. नाहीतर मीच वाचला असता." मग छताकडे बघत ती म्हणाली, "त्या दिवशी पण तेच करायला गेले ताई. पुढची कड कापली की पानं सुटतात ना. शेवटची कड कापायची राहिली होती, पण पानं उघडत होती. म्हटलं वरच्या प्रतीचं मागचं पान जरा वर करून बघावं. निळी मरते ते माझ्या डोळ्यांनी वाचावं. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही गं. नुसतं सांगितलेलं मनाला पटेना. उजव्या हाताला सवय, तो बटणावर गेलाच." ती जराशी हसली. "म्हणजे साहेबांच्या कागदात बटणाचं खोटं लिहिलंय, ऐकलं मी, पण काय फरक पडतो. चूक माझीच. आण, करते सही."

थोरलीच्या हातात पुस्तक होतं. तिनं शेवटचा फर्मा बोटांनीच शोधला, शिवणीवरून. वाचायला लागली. सज्जा. चारशे पाठी. टोपी हवेत. नेम धरा. निळीनं डोळे मिटले नाहीत.

तिनं पान उलटलं.

दहाव्या पानावर बंदुका सुटल्या नव्हत्या. सज्जातला एक शिपाई, कोवळं पोर, त्यानं बंदूक खाली ठेवली आणि आपल्या साहेबाकडे पाठ फिरवली. मग त्याच्या शेजारच्यानं. अकराव्या पानावर सज्जात एकही तोंड खालच्या बायकांकडे नव्हतं. आणि सकाळी चौकात जी नावं वाचली जात होती ती तळघरातल्या तुरुंगातून सुटून बाहेर येणाऱ्यांची होती; त्यांना सोडवायला खाली उतरलेल्या निळीचंही त्यात होतं. बायका त्यासाठी रडत होत्या. आई खाली बसली कारण तिचे पाय आनंदानं गळाले. चौदाव्या पानावर निळी पायऱ्या चढून वर येते, डोकं उघडं, आणि म्हणते, "माझी टोपी दे."

थोरलीला वाटलं, इथंच पुस्तक मिटावं. वाचता येतं तसं न वाचताही येतं. धाकटीला दिसत नव्हतं पानावर काय आहे. थोरलीचा अंदाज पक्का होता, तिनं आणखी एक शेवट सहज रचला असता.

तिनं वाचलं. अक्षर न अक्षर, पंधराव्या पानाच्या शेवटच्या ओळीपर्यंत.

खोलीत कुणाच्या तरी खाटेखाली भांडं सरकलं.

"ही पानं खाली होती," ती अखेर म्हणाली. विचारलं नाही.

"हो."

"ताव तुझ्या हातात होता."

"हो."

"उलटला का नाहीस?"

थोरलीनं उत्तर शोधलं. गेट, सहा वर्षांपूर्वीच्या दहा जणी, बाहेरची रांग, सगळं तोंडाशी आलं, आणि बाहेर पडलं ते दुसरंच. "मला हाच शेवट हवा होता," ती म्हणाली. "तू गप्प बसावीस म्हणून."

धाकटीनं तोंड भिंतीकडे केलं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेला हात तेवढा थोरलीच्या बाजूला राहिला. मग भिंतीकडूनच आवाज आला.

"बटणं दोन्ही चालू असती तर माझे दोन्ही हात कुठं असते?"

"बटणांवर."

"पेन परत देऊन ये त्या बाईचं."

सोमवारी थोरली कामावर गेली. गेटवर डब्यात चमचा घातला गेला. हॉलच्या त्या टोकाला कटर चालू होता. त्यावर एक नवी मुलगी, फार तर एकोणीस वर्षांची. पट्टी तशीच, फक्त नवी लावलेली. झाकणवाल्यानं विचारलं, "झाली का सही?" थोरलीनं सही न केलेलं, घडी घातलेलं पान त्याच्या हातात दिलं आणि ती आपल्या मशीनवर गेली.

जेवणाच्या टेबलावर ती एकच वाक्य बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी चुकीचं सांगितलं होतं. निळी जगते." कुणी वर बघितलं नाही. डबे वाजत राहिले.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. थोरली मशीनपाशी गेली, थप्पी सरळ केली, आणि पाठ फिरवली.

समोर भिंत होती. भिंतीवर गंजलेला खिळा, खाली कुणीतरी कधीतरी पुसलेले गोंदाचे हात. मागं हॉल होता, आणि तो आता तिला दिसत नव्हता. एक मशीन सुरू झालं. दुसरं सुरू झालं. झाकणवाल्याचा आवाज जवळ येत होता, "ए बाई, काय चाललंय, ए बाई." तिच्या डोक्यानं आपोआप मधली पानं भरायला घेतली: शिवणवाली थांबली असेल, पुठ्ठेवालीनं पाठ फिरवली असेल, मामांनी झाडू टाकला असेल.

नाही, म्हटलं तिनं. ती वळली आणि अख्ख्या हॉलकडे बघितलं.

तेराच्या तेरा बायका मान खाली घालून काम करत होत्या. मामा झाडत होते. नव्या मुलीचा उजवा हात बटणावर होता आणि डावा आत.

थोरलीनं ते सगळं नीट बघून घेतलं. मग परत पाठ फिरवली.